किशोर कादंबरीचं परीक्षण: मैत्री आणि पहिलं प्रेम हा विषय असेल तर गुण कशाला द्यायचे?

वाचनखूण

नमस्कार. किशोर कादंबऱ्यांच्या एका स्पर्धेचं परीक्षण करायचं आहे. अंतिम फेरीत ९ हस्तलिखितं आहेत, परीक्षक तीन, प्रत्येकाकडे १०० गुण. वाचक १३ ते १७ वयाचे धरलेत. आयोजकांनी गुणांची विभागणी अशी दिली आहे: कथानक ३०, भाषा ३०, संदेश २०, व्यक्तिरेखा २०. नऊही हस्तलिखितांत मैत्री आणि पहिलं प्रेम हाच गाभा आहे.

तीन ठिकाणी अडलंय.

एक. पहिल्या हस्तलिखिताची भाषा अगदी नितळ आहे, पण त्यातली पंधरा वर्षांची निवेदक चाळिशीतल्या बाईसारखा विचार करते. दुसऱ्याची भाषा अडखळते, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण त्यातलं दोन मैत्रिणींचं भांडण इतकं खरं आहे की वाचताना श्वास रोखला जातो. वरच्या विभागणीने पहिलंच पुढे जाईल. ते बरोबर ठरेल का?

दोन. ‘संदेश’ या रकान्यात नेमकं काय मोजायचं?

तीन. एका हस्तलिखितात मुलगा मुलीच्या मागे लागतो, ती दोनदा ‘नाही’ म्हणते आणि शेवटच्या प्रकरणात ‘हो’ म्हणते. बाकी लेखन सफाईदार आहे. याचे गुण कापायचे का, आणि कापायचे तर कुठल्या रकान्यातले?

---

समासातली नोंद

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. किशोर कादंबरी म्हणजे किशोरांविषयीची कादंबरी नव्हे. त्या वयाच्या आतून दिसणारं जग तिच्यात असावं लागतं. नितळ भाषा पुष्कळदा या आतल्या नजरेच्या जागी येऊन बसते आणि परीक्षक फसतो.

दोन नमुने शेजारी ठेवून बघा. पहिला: ‘तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, की हे दिवस पुन्हा कधीच येणार नाहीत.’ दुसरा: ‘तिने माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहिला. शेवटचा आकडा एक आहे की सात, तेच कळेना. विचारलं असतं तर बावळट दिसलो असतो. मी दोन्ही नंबर सेव्ह केले.’ पहिल्या वाक्यात चूक काहीच नाही, पण ते कुणीही, कुठल्याही वयात, कशाबद्दलही लिहू शकतो. दुसऱ्यात एकही भावनेचं नाव नाही, तरी लाज, घाई, आशा सगळं त्या दोन नंबरांत आलंय. मोठा माणूस सरळ विचारून मोकळा झाला असता. पंधरा वर्षांचा मुलगा विचारणार नाही, आणि कथेची पुढची गडबड या न विचारण्यातूनच निघेल.

आता मोजायचं कसं? निवेदक कुठे उभा राहून सांगतोय ते तपासा. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन पानं घ्या आणि प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने लिहा: हे घडून किती दिवस झालेत? पहिल्या पानावर ‘आत्ताच’, मधल्यावर ‘काही वर्षांनी’ आणि शेवटी परत ‘आत्ताच’ असं उत्तर आलं, आणि या उड्यांना कथेत काही कारण नसेल, तर लेखकाचा स्वतःचा आवाज मध्ये घुसलाय. मोठी झालेली निवेदक मागे वळून सांगत असेल तर शहाणपण चालेल. फक्त ती आज कोण आहे आणि आजच हे का सांगतेय, याचा धागा पहिल्या दोन-तीन प्रकरणांत दिसायला हवा. तुमच्या पहिल्या हस्तलिखितात तो असेल तर माझं म्हणणं मागे घेतो. नसेल तर तिथे भाषेचे पूर्ण गुण देऊ नका, कारण भाषा निवेदकाची असायला हवी आणि ती तशी नाही.

मैत्रीसाठी वेगळी कसोटी लागते, आणि बहुतेक परीक्षक ती लावतच नाहीत. प्रकरणांची यादी करा. प्रत्येकासमोर मित्र किंवा मैत्रीण प्रत्यक्ष आली तर ‘म’ लिहा, प्रेमाचा माणूस आला तर ‘प्र’. पुष्कळ हस्तलिखितांत पहिल्या एक-तृतीयांश भागात ‘म’ ओळीने दिसतो, मग ‘प्र’ येतो आणि ‘म’ गायब. तो परत उगवतो तो थेट भांडणाला किंवा समजूत घालायला. मधल्या काळात ती मैत्रीण निरोप पोचवते, ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारते आणि निवेदकाला बोलतं ठेवते. ते पात्र नव्हे, पोस्टमन झाला. प्रेमात पडल्यावर मैत्री खरोखर मागे पडते, हे मान्य. पण मग मागे पडलेल्या माणसाला ते कसं लागलं, हे पुस्तकात यायला हवं. ‘म’ नसलेली प्रकरणं ज्या पुस्तकात रिकाम्या खुर्चीसारखी जाणवतात, ते पुस्तक मैत्रीचं. जिथे लेखकच तिला विसरून गेलाय, तिथे विषयाचा अर्धा भाग लिहिलाच गेलेला नाही.

आणखी एक विचारा: या मैत्रिणीला असं काय हवंय, ज्याचा नायिकेशी काही संबंध नाही? उत्तर एका वाक्यात सांगता यायला हवं. तिला पोहण्याच्या संघात जागा हवीय, मोठ्या बहिणीपासून सुटका हवीय, काहीही. उत्तर सापडलं नाही तर ते पात्र सोयीसाठी आणलेलं आहे.

भांडणाबद्दल तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून फार बोलत नाही. चांगल्या भांडणात दोघीही बरोबर असतात. एकीने गुपित फोडलं ते दुष्टपणाने नाही. तिला समोरासमोर विचारलं गेलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही. दुसरीला हे कळतं, तरी ती माफ करू शकत नाही. तुमच्या दुसऱ्या हस्तलिखितात असं काही असेल तर ते हातचं सोडू नका. शुद्धलेखन आठवडाभरात सुधारतं. असं भांडण संपादकाला बाहेरून आणून घालता येत नाही.

---

ओळीमागची ओळ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मागे लागणं आणि शेवटी ‘हो’. यात नीतीचा मुद्दा आहेच, पण परीक्षकाला त्याआधी कारागिरीचाच दोष सापडतो, आणि बैठकीत तोच मांडा, म्हणजे वाद लवकर मिटेल.

ती ‘नाही’ म्हणते तिथपासून ‘हो’ म्हणते तिथपर्यंतची पानं वेगळी काढा. त्यात तिच्या मनात काय बदललं हे दाखवणारी किती दृश्यं आहेत, मोजा. तो बदललाय हे दाखवणारी नकोत, ती बदललीय हे दाखवणारी. एकही नसेल तर तिच्या ‘हो’ला कारणच नाही. कथेने तिच्या नकाराला जिन्याची पायरी केलंय. हे गुण सरळ व्यक्तिरेखेतून जातात, आणि बरेच जातात, कारण दोनपैकी एक मुख्य पात्र आतून रिकामं निघालं.

मग पुढचा प्रश्न: नकारानंतर तो काय करतो, आणि पुस्तक त्याकडे कसं बघतं? क्लासच्या बाहेर रोज उभं राहणं, मैत्रिणींकडून नंबर काढणं, दुसऱ्या मुलाशी बोलली म्हणून चिडणं, हे सगळं किशोरवयात घडतं आणि कादंबरीत यायलाही हरकत नाही. चुकीचं वागणारा नायक असणं हा दोष नाही. पण त्या वागण्याचा तिच्यावर काय परिणाम झाला, हे पानावर उमटतं का ते बघा. ती रस्ता बदलते का? फोन उलटा ठेवते का? एखादं पात्र तरी ‘हे बरं नाही’ असं वेगळ्या नजरेने बघतं का? त्याला शिक्षा व्हायलाच हवी असं नाही. उलट शेवटी अपघात घडवून धडा शिकवणारी पुस्तकं आणखी कच्ची असतात. तिची भीती किंवा कंटाळा दिसला की वाचकाला पुढचं आपोआप कळतं. फोटो किंवा चॅटचा स्क्रीनशॉट पसरवला जातो अशी घटना असेल तर हीच नजर ठेवा: पुस्तक पसरवणाऱ्याकडे बोट दाखवतं की जिचा फोटो आहे तिलाच मान खाली घालायला लावतं?

प्रेम खरं वाटतं की नाही, हे तपासायचा सोपा मार्ग आहे. प्रेमाच्या माणसाबद्दल निवेदकाला असं काय माहीत आहे, जे वर्गातल्या बाकीच्यांना माहीत नाही? डोळे, हसणं, केस यांची वर्णनं बाजूला काढल्यावर काय उरतं? ‘उत्तर येत असलं की तो हात वर करत नाही, पेनाचं टोपण उघडतो आणि बंद करतो.’ असं एक निरीक्षण पानभर वर्णनाला भारी पडतं, कारण बघणारा किती वेळ बघत होता हेही त्यातच कळतं. पहिलं प्रेम मुळात लक्ष देणंच असतं. लक्ष नसेल तर नुसता शब्द उरतो.

मराठीतल्या काही खास गोष्टी, ज्या इंग्रजी निकषांत सापडणार नाहीत.

नावं झाकून संवाद वाचायचा आणि कोण बोलतंय ते ओळखायचं, ही कसोटी सगळे सांगतात. मराठीत ती फसवी आहे. मुलगा आणि मुलगी बोलत असतील तर ‘गेलो’, ‘गेले’ हे क्रियापदच बोलणाऱ्याची ओळख सांगतं आणि लेखक फुकटात पास होतो. म्हणून ही कसोटी दोन मुलींच्या किंवा दोन मुलग्यांच्या संवादावर लावा. तिथे दोघांचा सूर एकच निघाला तर व्यक्तिरेखा कच्ची. आणि लेखक पुरुष, निवेदक मुलगी असेल तर पूर्ण हस्तलिखितात ‘मी आलो’, ‘मी म्हणालो’ अशा निसटलेल्या जागा शोधा. बोलताना ‘चल, मी जातो’ म्हणणाऱ्या मुली असतात, ते मुद्दाम केलेलं असलं तर सगळीकडे सारखं असतं. एखाद्याच जागी असलं तर ती नजरचूक.

दुसरं म्हणजे कबुलीचं वाक्य. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं पंधरा वर्षांची मुलं मराठीत सहसा बोलत नाहीत. ती ‘तू मला आवडतोस’ म्हणतात, किंवा इंग्रजीच्या आडोशाला जातात, किंवा मित्राकरवी कळवतात, किंवा विषयच बदलतात. या अडचणीतून वाट काढताना लेखकाचं कौशल्य दिसतं. जो सरळ ते जड वाक्य लिहून मोकळा होतो, त्याने त्या वयाचं बोलणं कान देऊन ऐकलेलं नाही.

आणि हाक. आडनावाने हाक मारणारा मुलगा ज्या दिवशी पहिल्यांदा नावाने हाक मारतो, तो दिवस कादंबरीत आला का? की नाव आणि आडनाव लेखकाला सुचेल तसं येतंय? एवढ्या एका बदलावर पूर्ण दृश्य उभं राहू शकतं.

बोलीभाषेत फॅशनचे शब्द जितके जास्त, तितकी कादंबरी लवकर जुनी होते. त्यापेक्षा दोघा मित्रांचा स्वतःचा एखादा शब्द असतो, फक्त त्यांनाच कळणारा. तो सुरुवातीला सहज येतो आणि भांडणाच्या वेळी एक जण तो मुद्दाम वापरत नाही, तेव्हा वाचकाला तुटलेलं ऐकू येतं. असं काही सापडलं तर त्या पानावर खूण करून ठेवा.

चॅटची पानं भराभर उलटली जातात, पण थांबून बघा. चाळीस ओळींच्या चॅटमध्ये कुणीच काही दडवत नसेल तर ती पानं भरतीची. चॅटचा जीव उत्तराला लागलेल्या वेळात असतो, ‘टाइप करतेय’ दिसून विझण्यात असतो, पुसलेल्या मेसेजमध्ये असतो.

---

बेरीज-वजाबाकी

वरच्या दोघांशी सहमत. मी फक्त गुणांच्या यंत्रणेबद्दल लिहिते, कारण चांगली पुस्तकं पुष्कळदा तिथेच हरतात.

‘संदेश’ रकाना काढून टाकायची विनंती करा. आधाराला एक उदाहरण देता येईल: अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या किशोरवाचक विभागातर्फे २००० सालापासून प्रिंट्झ पुरस्कार दिला जातो. तो १२ ते १८ वयोगटासाठीच्या पुस्तकांना त्यांच्या साहित्यगुणांवर मिळतो, आणि लोकप्रियता आणि संदेश हे निकष नाहीत असं त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. संदेशाला २० गुण ठेवले की शेवटच्या पानावर उपदेश करणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि प्रश्न उघडा ठेवणाऱ्याला दंड होतो. माझी विभागणी अशी असेल: निवेदनाचा आवाज २५, व्यक्तिरेखा २५, मैत्री आणि प्रेम या दोन्ही नात्यांची घडण २५, रचना १५, भाषेची सफाई १०. शुद्धलेखन त्या शेवटच्या दहात, बाहेर नाही.

रचनेच्या पंधरात एक गोष्ट कडकपणे बघते: दोन मिनिटांत सुटणारा गैरसमज. अर्धं वाक्य कानावर पडलं आणि पुढची साठ पानं अबोला. तो अबोला का टिकतो, याचं कारण लिहून काढा. ‘फोन बंद होता’ एवढंच निघालं तर रचना पोकळ. ‘विचारलं तर खरं उत्तर मिळेल याची तिला भीती आहे’ असं निघालं तर साठ पानंही कमीच.

आता बेरीज. तीन परीक्षकांच्या गुणांची सरळ बेरीज करू नका. हे बघा:

पहिला परीक्षक: क ६८, ख ६६, ग ६४
दुसरा परीक्षक: क ६७, ख ६५, ग ६३
तिसरा परीक्षक: क ४५, ख ६०, ग ९२

बेरीज होते क १८०, ख १९१, ग २१९. दोन परीक्षकांनी ज्याला शेवटचा क्रमांक दिला तेच ‘ग’ जिंकलं, कारण तिसरा परीक्षक ४५ ते ९२ इतक्या रुंद पट्ट्यात गुण देतो आणि बाकीचे दोघे चार गुणांच्या आत खेळतात. गुणांऐवजी प्रत्येकाचे क्रमांक घेतले तर क १+१+३ म्हणजे ५, ख ६, ग ७. कमी बेरीज पुढे, म्हणजे ‘क’. अर्थात क्रमांकही आंधळेपणाने घेऊ नका. तिसऱ्याला ‘ग’मध्ये एवढं काय दिसलं, ते त्याने पान उघडून वाचून दाखवावं. मग तिघांनी पुन्हा क्रमांक लावावेत.

वाचनाचा क्रमही महत्त्वाचा आहे. तिघांनी एकाच क्रमाने वाचलं तर पहिल्या दोन हस्तलिखितांना हात आखडता राहतो आणि शेवटच्यांना थकवा भोवतो. प्रत्येकाला नऊ हस्तलिखितं वेगळ्या क्रमाने द्या, आणि सगळं संपल्यावर प्रत्येकाने आपण वाचलेली पहिली दोन पुन्हा चाळावीत. पहिल्या वाचनात गुण देऊच नका. कुठल्या पानावर वाचन थांबलं आणि का, एवढंच टिपा. दुसऱ्या वेळी पूर्ण वाचायची गरज नाही: पहिली भेट, मुख्य भांडण आणि शेवटची दहा पानं, एवढं पुरतं.

---

वाचनखूण

खूप उपयोग झाला. पहिलं हस्तलिखित तपासलं: निवेदक आज कोण आहे, याचा कुठेही पत्ता नाही, आणि मधल्या चार प्रकरणांत ‘म’ एकदाही नाही. दुसऱ्यात बारापैकी नऊ प्रकरणांत आहे.

आणखी दोन शंका. एका हस्तलिखितात मैत्रीण शेवटी जीव देते आणि नायक त्यातून ‘मोठा’ होतो. आणि १३ ते १७ वयाच्या पाच वाचकांकडून मत घ्यायचं आयोजकांच्या मनात आहे. ते कसं घ्यावं?

---

ओळीमागची ओळ

मृत्यूबद्दल. आधी तिच्या बाजूने विचारा: ती गेली नसती तर तिच्या वाट्याला कथेत काही उरलं असतं का? नायकाला शहाणं करणं एवढंच तिचं काम असेल तर ती सुरुवातीपासूनच मरण्यासाठी लिहिलेली होती, आणि ते आधीच्या पानांत दिसतं. तिच्या आवडीनिवडी पुसट असतात आणि तिचं दुःख मात्र ठळक.

शिवाय वाचक त्या वयाचा आहे हे विसरून चालणार नाही. आत्महत्येच्या वार्तांकनाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत: पद्धतीचं तपशीलवार वर्णन नको, आत्महत्या हा अडचणीवरचा तोडगा म्हणून मांडायचा नाही, मदत कुठे मिळते ते सांगायचं. त्या पत्रकारांसाठी असल्या तरी किशोर कादंबरीला तंतोतंत लागू पडतात. पद्धत वर्णन केलेली असेल, किंवा ती गेल्यावर सगळ्यांना एकदम तिची किंमत कळते अशी मांडणी असेल, तर गुण देऊन थांबू नका. छापण्याआधी हा भाग बदलावा, अशी लेखी शिफारस आयोजकांना करा.

---

बेरीज-वजाबाकी

पाच वाचकांना ‘आवडलं का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतील, आणि ते उत्तर कशालाच लागत नाही. विचारा: कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं? कुठलं पान फोटो काढून कुणाला पाठवावंसं वाटलं? कुठलं वाक्य ‘असं कुणी बोलत नाही’ वाटलं? कुठलं पात्र पुढे का आलं नाही, याची वाट बघत होतात? प्रत्येकाने आधी एकट्याने कागदावर लिहायचं आणि नंतरच एकत्र बोलायचं, नाहीतर पहिला जे बोलेल तेच पाचांचं मत होतं. पानांचे आकडे जुळवा. तिघांनी एकाच पानाच्या आसपास पुस्तक ठेवलं असेल तर ते पान तुम्ही तिघांनी एकत्र बसून वाचा.

त्यांच्या मतांना गुण जोडू नका. ती परीक्षकांच्या बैठकीत पुरावा म्हणून ठेवायची. आणि नितळ भाषेचं ते पहिलं हस्तलिखित त्यांना दुसऱ्याच्या आधी द्या, म्हणजे भाषेच्या सफाईचा त्याला मिळायचा तेवढा फायदा मिळेल आणि नंतर कुणाला तक्रार करायला जागा राहणार नाही.

---

समासातली नोंद

एक राहिलं. दुसऱ्या हस्तलिखिताचं शुद्धलेखन पाच वाचकांना देण्याआधी कुणाकडून तरी सुधारून घ्या, फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं. अडखळणारी वाक्यं तशीच ठेवा. त्यातली काही त्या मुलीची असतील.